आधी सोडा, मग आवळा: पुरुषांच्या ओटीपोटाच्या तळासाठी पिलाटेसची सुरुवात

लघवी करून आल्यावर पायजम्यात दोन-चार थेंब उतरतात. जोरात खोकला आला किंवा पोतं उचललं की थोडी लघवी होऊन जाते. चारचौघांत गॅस धरून ठेवता येत नाही. ट्रॅक्टरवर किंवा मोटरसायकलवर तासभर बसलं की अंडकोषामागे ठणकायला लागतं. पुरुष या तक्रारी सहसा बोलून दाखवत नाहीत, आणि दाखवल्याच तर 'वय झालं आता' एवढंच ऐकून गप्प बसतात. यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असतात. दंड-मांड्यांसारखे तेही व्यायामाने सुधारतात. पिलाटेस ही श्वासाच्या लयीत सावकाश हालचाली करायची व्यायामपद्धत त्यासाठी उपयोगी पडते. तिला स्टुडिओ लागत नाही, मशीन लागत नाही. सतरंजी, रोजची वीस मिनिटं आणि तीन महिन्यांचा दम पुरतो.

व्यायामाआधी डॉक्टर गाठायची वेळ कोणती, ते आधी बघू. लघवीत रक्त दिसणं, लघवी पूर्ण अडणं, ताप येऊन लघवीला जळजळ होणं, वृषणात अचानक तीव्र कळ येणं, जांघेतला फुगवटा आत न जाता दुखायला लागणं: यापैकी काही असेल तर सतरंजी बाजूला ठेवा. कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडत असतील आणि खोगीर जिथे टेकतं त्या भागात, म्हणजे मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती, बधिरपणा आला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर ढकलू नका. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं ही आपल्या मराठवाड्यातली मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. एरवी युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरकडे, एकदा तपासून घ्यावं आणि मधुमेहाची तपासणीही करून घ्यावी, कारण वारंवार लघवीला लागण्याचं कारण कित्येकदा साखर असते, स्नायू नसतो.

हा स्नायू आहे कुठे

लिंगाच्या वरच्या बाजूला हात दाबला की हाड लागतं. तिथून मागे माकडहाडापर्यंत आणि डाव्या बैठकीच्या हाडापासून उजव्यापर्यंत झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा थर म्हणजे पेल्विक फ्लोअर. मूत्राशय आणि गुदाशय याच्यावर टेकलेले असतात. मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या लगेच खाली मूत्रमार्गाभोवती झडपेचा स्नायू असतो, आणि लिंगाच्या मुळाशी असलेले दोन छोटे स्नायू शेवटचे थेंब बाहेर ढकलण्याचं आणि ताठरता टिकवण्याचं काम करतात. पुरुषांना हे व्यायाम ताठरतेसाठीही सांगतात ते यामुळेच. मात्र मधुमेह, रक्तदाब, तंबाखू तशीच चालू ठेवून नुसत्या व्यायामाकडून चमत्काराची अपेक्षा नको.

हा थर एकटा काम करत नाही. वर श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा), पुढून आणि बाजूंनी पोटाचा सर्वात आतला आडवा स्नायू, मागे मणक्याला चिकटलेले बारीक स्नायू आणि खाली पेल्विक फ्लोअर. या चौघांना मिळून कोअर म्हणतात. श्वास आत घेतला की श्वासपटल खाली येतं आणि पेल्विक फ्लोअरही किंचित खाली सरकून सैल होतो. श्वास सोडला की दोन्ही वर जातात. पुढचे सगळे व्यायाम या वर-खाली होण्यावर बेतलेले आहेत. श्वास रोखून जोर लावला की पोटातला दाब खाली जातो आणि आधीच थकलेल्या थरावर आदळतो. जोर-बैठका मारून पोट दगडासारखं केलेल्या माणसालाही खोकताना लघवी होते, त्याचं गौडबंगाल हेच.

पिलाटेस इथे कामाला येतं, कारण त्यातली प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली आणि सावकाश असते. जोसेफ पिलाटेस हा १८८३ मध्ये जर्मनीत जन्मलेला माणूस. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये स्थानबद्ध होता, आणि १९२६ च्या सुमारास न्यूयॉर्कला जाऊन त्याने व्यायामशाळा काढली. स्वतःच्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. शहरातल्या स्टुडिओत दिसणारं रिफॉर्मर नावाचं स्प्रिंगांचं यंत्र पुढची गोष्ट आहे. नवख्याला जमीन बरी.

जागा आणि वेळ

गादीवर करू नका. गादी दबते आणि कंबर कुठल्या स्थितीत आहे ते कळत नाही. फरशीवर सतरंजी, तिच्यावर एक पातळ वाकळ आणि डोक्याखाली चौपदरी टॉवेल एवढं बास. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करणं सोयीचं. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा उजाडताना उरकलेलं बरं. कपडे सैल हवेत. लंगोट किंवा घट्ट जीन्स घालून करायला बसलात तर स्नायू हलतोय की कापड ताणतंय हे समजणार नाही.

पहिला आठवडा: नुसता श्वास

उताणे झोपा. गुडघे उभे, तळवे जमिनीवर, दोन गुडघ्यांमध्ये मुठीएवढी जागा. तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या. बरगड्या बाजूला रुंदावल्या पाहिजेत, पोट थोडं वर आलं पाहिजे आणि अंडकोष ते गुदद्वार यांमधली जागा सैल पडली पाहिजे. मग तोंडाने हळू फुंकर घालत सहा आकडे मोजत श्वास सोडा. अजून काहीही आवळायचं नाही. असे दहा श्वास, दिवसातून दोनदा.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. छाती आणि खांदे वर जातात, किंवा पोट मुद्दाम फुगवलं जातं, किंवा पोट दिसू नये म्हणून आत ओढून धरायची इतक्या वर्षांची सवय सुटत नाही. खालची हालचाल कळतच नसेल तर लाकडी खुर्चीवर टॉवेलची जाड सुरळी आडवी न ठेवता पुढून मागे अशी ठेवा आणि तिच्यावर बसून श्वास घ्या. श्वास घेताना सुरळीवर दाब हलकासा वाढलेला आणि सोडताना कमी झालेला जाणवतो. हे जाणवायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला पंधरा. जाणवेपर्यंत पुढे जाऊ नये.

स्नायू ओळखणं आणि मोजून आवळणं

बायकांसाठीच्या सूचना पुरुषांना अर्ध्याच लागू पडतात. 'गॅस धरून ठेवा' म्हटलं की मागचा भाग आवळला जातो, आणि लघवीची तक्रार असणाऱ्याला गरज पुढच्या भागाची असते. त्यासाठी लिंग आतल्या बाजूला आखडून घेतोय, आणि त्याबरोबर अंडकोष थोडे वर उचलले जातायत, असं करून बघा. आरशासमोर कपड्यांशिवाय उभं राहिलं तर लिंगाचं मूळ किंचित आत जाताना आणि वृषणं वर सरकताना दिसतात. ढुंगण आवळलं गेलं, मांड्या ताणल्या गेल्या किंवा श्वास थांबला, तर जोर भलतीकडे गेला म्हणून समजा.

अंडकोषामागच्या जागेवर दोन बोटं टेकवून खात्री करता येते. आवळल्यावर आतलं काहीतरी बोटांपासून वर, दूर गेलं पाहिजे. बोटांवर उलट दाब आला तर तुम्ही आवळत नाही, कुंथताय. हे रोज केलं तर नुकसानच होईल.

लघवीची धार मध्येच थांबवून बघा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ओळख पटण्यापुरतं एकदा केलं तर ठीक, पण रोजचा व्यायाम म्हणून नको. मूत्राशय रिकामं होत असताना त्याला उलटा हुकूम देत राहिलं तर लघवी आत शिल्लक राहू शकते.

दुसऱ्या आठवड्यापासून उताणे झोपून, श्वास सोडताना आवळा. पूर्ण ताकद नको, निम्मी पुरे. ३ सेकंद धरा, पण धरताना श्वास चालू ठेवा. मग ६ सेकंद पूर्ण सोडा. असं ८ वेळा. सोडल्यावर खरोखर सैल पडलं का ते प्रत्येक वेळी तपासा. दर तीन-चार दिवसांनी धरण्याचा एकेक सेकंद वाढवत १० सेकंदांपर्यंत जा, आणि जेवढं धरता निदान तेवढं सोडा. त्याच्या शेवटी १० झटपट आवळणी: एका सेकंदात आवळून लगेच सोडायचं. धरून ठेवणारी आवळणी टिकाव वाढवते, आणि खोकल्या-शिंकेच्या वेळी ही झटपट कामाला येते, म्हणून दोन्ही लागतात. हा एक संच दिवसातून तीनदा: सकाळी झोपून, दुपारी बसून, संध्याकाळी उभं राहून. उभ्याने सर्वात अवघड जातं, आणि गळती होते तीही उभं असतानाच, त्यामुळे तो संच टाळू नका.

योगवर्गात मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा शिकला असाल तर ओळख लवकर पटेल. फरक एवढाच की तिथे बऱ्याचदा कुंभक लावून करतात, आणि इथे श्वास थांबवायला बंदी आहे. मोटरसायकलवर बसल्या-बसल्या दिवसाला दोनशे-तीनशे वेळा आवळणारेही असतात. त्याने थकवा येतो, लघवीची घाई वाढते, खालचा भाग दुखायला लागतो.

ज्यांनी सध्या आवळायचंच नाही

काहींचा हा स्नायू ढिला नसतो, उलट कायम ताठलेला असतो. लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो, वीर्यस्खलनानंतर दुखतं, बसलं की अंडकोषामागे ठणकतं, शौचाला कुंथावं लागतं, आणि तपासण्यांत जंतुसंसर्ग मात्र सापडत नाही. अशा माणसाने यादी बघून आवळायला सुरुवात केली की दुखणं वाढतं आणि तो व्यायामालाच नावं ठेवतो.

त्याच्यासाठी पहिले चार ते सहा आठवडे फक्त सोडण्याचे. वर सांगितलेला श्वास रोज दहा मिनिटं. मग गुडघे पसरून टाचांवर बसायचं, कपाळ जमिनीला टेकवायचं, आणि श्वास पाठीत व ओटीपोटात भरायचा, दोन मिनिटं. उताणे झोपून दोन्ही गुडघे काखांकडे रुंद ओढून धरायचे, एक मिनिट. भिंतीला किंवा खांबाला धरून उकिडवं बसायचं, एक मिनिट; गुडघे दुखत असतील तर हे सोडा. दुखणं निम्म्यावर आलं की मग हलक्या आवळणीकडे वळायचं, आणि तेही शक्यतो फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली.

सतरंजीवरचे व्यायाम

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आवळणं आणि सोडणं दोन्ही कळायला लागल्यावर, हालचाली जोडा. आठवड्यातून चार दिवस, क्रम न मोडता.

सुरुवात कंबरेच्या स्थितीपासून. उताण्या स्थितीत कंबरेची पुढची दोन हाडं आणि लिंगाच्या वरचं हाड एका पातळीत आणा. कंबरेखाली हाताची बोटं कशीबशी जातील एवढीच जागा राहते. कंबर जमिनीत दाबून बसवायची नाही आणि कमानही करायची नाही. इथून श्वास सोडत हलकं आवळा आणि उजवी टाच जमिनीवरून घसरवत पाय सरळ करा. श्वास घेत परत आणा. प्रत्येक पायाने ८ वेळा. कंबरेची हाडं डुलली तर पाय निम्म्यापर्यंतच न्या.

मग एकेक पाय उचला: श्वास सोडत गुडघा कंबरेच्या वर नव्वद अंशात, श्वास घेत खाली. दोन्हीकडे ८-८. पोटाच्या मधोमध, नाभीच्या वर-खाली, लांबट उंचवटा उभा राहतोय का बघा. राहत असेल तर दाब बाहेर पडतोय, म्हणजे ही पायरी अजून जड आहे. आठवडाभर टाच घसरवण्यावरच थांबा. घेर सुटलेल्या पोटांत हे फार दिसतं.

पुढे सेतुबंध, पण पिलाटेसच्या पद्धतीने. श्वास सोडत आवळा, आधी माकडहाड, मग कंबर, मग पाठ असं एकेक मणका उचलत वर जा. वर एक श्वास घ्या आणि सोडत त्याच क्रमाने उलटं खाली या. १० वेळा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा ढुंगणाच्या जवळ घ्या. खाली आल्यावर पूर्ण सैल व्हा आणि मगच पुढचा फेरा.

त्यानंतर हात-गुडघ्यांवर या. मनगट खांद्याखाली, गुडघा कंबरेखाली. श्वास सोडत उजवा हात आणि डावा पाय जमिनीला समांतर लांबवा, ३ सेकंद, परत. दोन्हीकडे ६-६. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला तर सांडू नये इतपत स्थिर. पाय फार वर उचलला की कंबर वाकते, आणि मग कोअरऐवजी मणका भार घेतो. शेवटी कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, टाचा जोडलेल्या ठेवत वरचा गुडघा उघडायचा, १२-१२ वेळा.

पिलाटेसचा गाजलेला 'हंड्रेड' घाईने करू नका. त्यात पाच हेलकाव्यांत श्वास घेऊन पाच हेलकाव्यांत सोडत हात १०० वेळा हलवायचे असतात. मूळ रूपात डोकं वर आणि पाय अधांतरी लांब. व्हिडिओ बघून पहिल्याच दिवशी तसं केलं तर दाब सरळ खाली जातो. आठव्या आठवड्यानंतर, डोकं टेकलेलं, तळवे जमिनीवर, ३० हेलकाव्यांपासून सुरुवात करा. हर्निया असेल किंवा नुकतीच त्यावर शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनने हो म्हणेपर्यंत नाही.

पोतं, पंप आणि खोकला

सतरंजीवर कमावलेलं कामाच्या वेळी वापरलं नाही तर तीन महिने वाया जातात. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०. मोंढ्यात हमाली करणारा असो की शेतात एकटा गोणी हलवणारा, उचलण्याआधीचा एक सेकंद महत्त्वाचा. गोणीला चिकटून उभे राहा, एक पाय जरा पुढे, कंबरेतून न वाकता गुडघ्यात बसा, गोणी छातीशी घ्या, खालचा भाग आवळा आणि श्वास सोडत उठा. 'हुं' करून श्वास कोंडून उठायची सवय हीच खरी अडचण. गोणी फेकताना कंबर वळवू नका, पाय वळवा.

पाठीवरच्या फवारणी पंपात १६ लिटर पाणी म्हणजे पंपाच्या वजनासकट वीस किलोच्या आसपास भार. तो जमिनीवरून खांद्यावर घेण्याऐवजी बांधावर किंवा बैलगाडीच्या कडेवर ठेवून घ्या. गळती असेल तर अर्धाच भरा. बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हे व्यायाम हंगामाच्या दोन महिने आधी सुरू करावेत. मोळ्या वाहण्याचं काम चालू असताना नव्याने सुरू केलं तर थकलेल्या स्नायूला आणखी थकवणं होतं.

खोकला-शिंक येतेय असं वाटलं की आधी झटकन आवळा, मग खोका. महिनाभर आठवणीने केलं की नंतर आपोआप होतं. जुना खोकला बरा करणं आणि विडी सोडणं याला मात्र कुठल्याच व्यायामाचा पर्याय नाही.

थेंब, पाणी, शौच

लघवीनंतरचे थेंब मूत्रमार्गाच्या वळणात साचलेल्या लघवीचे असतात; मूत्राशय ढिलं आहे असं समजून घाबरू नये. लघवी झाल्यावर काही सेकंद थांबा, दोन-तीनदा झटपट आवळा. मग अंडकोषाच्या तीन बोटं मागे बोटांनी हलका दाब देऊन पुढे, लिंगाच्या मुळाकडे सरकवत आणा. दोनदा केलं की साचलेलं बाहेर येतं. हे आजपासूनच जमतं, तीन महिने थांबावं लागत नाही.

गळतीच्या भीतीने पाणी तोडणं आपल्याकडे फार. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते, घाई उलट वाढते. वर मुतखडा आणि बद्धकोष्ठ. इतर आजारामुळे डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर, आणि उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. संध्याकाळनंतर कमी करा. दिवसभरातले सात-आठ कप चहा मात्र दोनवर आणून बघा.

कुंथण्याने हा स्नायू फार खचतो. ज्वारीची भाकरी, अंबाडी-चाकवतासारखी पालेभाजी आणि पाणी यांनी बहुतेकांचं भागतं. भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर उत्तमच, कारण उकिडवं बसल्यावर गुदाशयाचं वळण सरळ होतं. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, कोपरं मांड्यांवर टेकवा, पोट सैल सोडा. मोबाइल बाहेर ठेवा.

प्रोस्टेटच्या ऑपरेशनचं वेगळं गणित

वाढलेली प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडतात ते ऑपरेशन वेगळं आणि कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढतात ते वेगळं. दुसऱ्यात मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला अडसर ग्रंथीबरोबर जातो आणि सगळा भार खालच्या झडपेवर येतो, म्हणून गळती जास्त. तारीख मिळाली की चार-सहा आठवडे आधीच आवळायला शिका. नंतर दुखऱ्या जागी स्नायू शोधणं अवघड जातं. कॅथेटर (लघवीची नळी) आत असताना आवळायचं नाही, तो निघाल्यावर सर्जनच्या परवानगीने ३ सेकंदांपासून सुरू करा. जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद.

सकाळी कोरडं आणि संध्याकाळी ओलं, हे महिनोन्महिने चालतं. स्नायू दिवसाअखेर थकतो, एवढाच त्याचा अर्थ. दुपारी अर्धा तास आडवं पडलं तर फरक पडतो. सुधारणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजा: किराण्याच्या डिजिटल काट्यावर कोऱ्या पॅडचं वजन आणि वापरलेल्याचं वजन, १ ग्रॅम फरक म्हणजे साधारण १ मिलिलिटर लघवी. आठवड्यातून एका ठरावीक दिवशी, चोवीस तासांचं, वहीत लिहून ठेवा. तीन महिने नीट करूनही आकडा हलत नसेल तर वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा आणि बायोफीडबॅकवर (स्नायूचं काम दाखवणाऱ्या यंत्रावर) स्नायू खरंच आवळतोय का ते बघायला सांगा. वर्षानंतरही दिवसाला दोन-तीन पॅड लागत असतील तर स्लिंग (मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम झडप बसवण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, त्याबद्दल युरॉलॉजिस्टला स्वतःहून विचारा.

इतरांना साधारण सहाव्या आठवड्यापासून फरक जाणवायला लागतो आणि बाराव्यापर्यंत बरंच जमतं. त्यानंतर रोजचा एक संच आणि सतरंजीवर आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. पूर्ण बंद केलं तर दोन-तीन महिन्यांत तक्रार परत येऊ शकते. तशी आली तर पुन्हा पहिल्या आठवड्याच्या श्वासापासून धरायचं, मधूनच नाही.